घटारानीला काढलेले छत्तीस फोटो

माझ्या साताऱ्याच्या घरी, बैठकीच्या खोलीत दगडांचे सहा फोटो लावलेले आहेत. नवा माणूस आला की ते बघतो, उठून जवळ जातो, चष्मा कपाळावर चढवतो आणि विचारतो, "कुठले हो हे?" मी सांगतो, "छत्तीसगड. रायपूरजवळ." मग तो म्हणतो, "वा! आणखी काय काय पाहिलंत तिकडे?" इथे मी स्वयंपाकघराकडे तोंड करून चहा टाकायला सांगतो. चहा येईपर्यंत विषय बदललेला असतो. वीस वर्षांहून जास्त काळ हे असंच चाललं आहे. बायको एकदा म्हणालीसुद्धा, "तुमचे ते दगड फार चहा पितात."

मी इतर प्रवासांबद्दल भरपूर लिहिलं, रायपूरबद्दल एक ओळही लिहिली नाही. आता वय ब्याऐंशी आहे. डॉक्टरांनी चहा बंद केला आहे, त्यामुळे विषय बदलायचं साधनही राहिलेलं नाही. म्हणून सांगून टाकतो.

रायपूर

छत्तीसगड राज्य होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. मी नुकताच पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो होतो. माझं काम आरेखकाचं, पण खात्याचा कॅमेरा माझ्या ताब्यात असे. धरणाची भिंत किती चढली, कालवा कुठवर आला, याचे फोटो मीच काढायचो. त्यामुळे नातेवाइकांत मी फोटोग्राफर म्हणून ओळखला जाई आणि ती ओळख मी कधी खोडून काढली नाही.

धाकटी बहीण कुसुम रायपूरला दिलेली. तिचं पत्र आलं, "दादा, चार दिवस काढून ये. कॅमेरा आण. सासूबाईंना सगळ्यांचा मिळून एक फोटो हवा आहे. बाकी आल्यावर सांगते." 'बाकी'खाली तिने दोनदा रेघ मारली होती.

स्टेशनवर तिचे यजमान मधुकरराव घ्यायला आले. रेल्वेत मालगाडीवर गार्ड. त्यांचे वडील वर्ध्याहून रेल्वेच्या नोकरीत इथे आले आणि इथलेच झाले. माझी बॅग स्कूटरवर पायाशी ठेवत ते म्हणाले, "या दादा, राजधानीत स्वागत आहे. मागच्या साली आले असते तर नुसतं रायपूर पाहून गेले असते."

शहरभर रंगकाम चाललं होतं. सरकारी पाट्यांवरचं 'मध्यप्रदेश' पुसून 'छत्तीसगढ़' लिहिणं सुरू होतं. काही ठिकाणी पातळ रंगाखालून जुनं राज्य डोकावत होतं. एका मोठ्या इमारतीपाशी मधुकररावांनी स्कूटर मुद्दाम हळू केली.

"हे पाहा. इथं मोठा दवाखाना होता, आता मंत्रालय भरून राहिलं. पहिले लोक बिमार होऊन इथं येत. आता इथून बिमार होऊन घरी जातात."

घर तेलीबांधा तलावाच्या अलीकडे. दारातच कुसुम म्हणाली, "दादा, तू उभा काहून? बस ना!" साताऱ्याच्या मुलीच्या तोंडी 'काहून' ऐकून मला हसू आलं. तिची लेक रश्मी चौदा वर्षांची. तिने माझ्या गळ्यातला कॅमेरा पाहून विचारलं, "मामा, आप सच में फोटोग्राफर हो?"

"मराठीत विचार की."

"समझती हूँ न, मामा. बोलने में हँसी आती है."

कोपऱ्यातल्या खाटेवरून आवाज आला, "हे पोट्टी ट्रान्झिस्टर आहे. लावा एक, लागते दुसरंच."

या रश्मीच्या आजी. मधुकररावांच्या आई. वय ऐंशीच्या घरात, अंगाने मूठभर, नऊवारी नेसलेल्या. त्यांनी मला जवळ बसवून घेतलं आणि पत्रातलं 'बाकी' पाच मिनिटांत सांगून टाकलं. मोठा मुलगा सुधाकर बीरगांवला राहतो, तिथल्या कारखान्यात कामाला आहे. दोन घरांत अंतर स्कूटरवर अर्ध्या तासाचं. आणि दोघे भाऊ चार वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. कारण काय, तर आजी कोणाकडे राहणार यावर बोलणं चाललं असताना मधुकरराव चार लोकांत म्हणून गेले, "तुझ्याकडं कारखान्याचा धूर आहे, माय खोकून खोकून मरून जाईन." त्यावर सुधाकरराव म्हणाले, "म्हणजे मी मायले मारून राहिलो काय?" तेव्हापासून हा तिकडे, तो इकडे.

"मले एकच फोटो पाहिजे," आजी म्हणाल्या. "दोन्ही पोट्टे माह्या दोन्ही बाजूले. पण हा त्याच्या घरी जात नाही, तो याच्या घरी येत नाही. मंग म्या म्हटलं, डोंगरावर चला. डोंगर तं कोणाच्या बापाचा नाही."

"आणि दोघं तयार झाले?"

"तुह्या नावावर झाले. साताऱ्याहून मोठा फोटोग्राफर येऊन राहिला, असं सांगितलं दोघाले. आता तू लाज राख."

मी म्हणालो, "आजी, काही काळजी करू नका." हे वाक्य मला अजून ऐकू येतं.

घटारानी

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप ठरवली. राजिमच्या बाजूने जाऊन पुढे जंगलात शिरायचं. पुढच्या सीटवर आजी बसल्या, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी घेऊन. मला वाटलं जेवणाचा डबा असेल. खड्डा आला की त्या दोन्ही हातांनी ते उचलून धरायच्या. मी धरतो म्हटलं, तर मान हलवून नाही म्हणाल्या.

सुधाकरराव राजिमच्या अलीकडे एका चहाच्या टपरीपाशी मोटरसायकलवर थांबलेले होते. उंच, सावळे, मिशी पांढरी. त्यांनी आईला वाकून नमस्कार केला, मला केला, कुसुमला "बरी आहेस काय?" विचारलं आणि मधुकररावांच्या डोक्यावरून पलीकडच्या शेताकडे पाहिलं. जीपमध्ये जागा होती, पण ते म्हणाले, "मी गाडीवरच येतो. तिथं दाटी होईन." मग सबंध रस्ता ते जीपच्या मागे धूळ खात आले. आजी दर दहा मिनिटांनी मागे वळून पाहत होत्या, धूळ येते आहे ना याची खात्री करायला.

वाटेत खाणं सुरूच होतं. आपल्याकडे प्रवासाला दशम्या आणि चिवडा. इकडे तांदळाच्या पिठाचे पातळ, जाळीदार चीले, त्यावर टोमॅटोची तिखट चटणी, आणि बेसनाची ठेठरी. ठेठरी म्हणजे वेटोळं घातलेली जाड शेव समजा, पण तेलाने अशी न्हालेली की हाताला दुसऱ्या दिवसापर्यंत आठवण राहावी. मी बऱ्याच खाल्ल्या. या ठेठरीकडे वाचकांनी लक्ष ठेवावं.

आणि मग ते दगड. मी सह्याद्रीच्या सावलीत वाढलेला माणूस. आमचे दगड थरांचे, पायऱ्यांचे, कड्यांचे, सरळ उभे. घटारानीचे दगड बसलेले होते. गोल खांद्यांचे, काळेभोर, एकमेकांवर रेललेले, भरपेट जेवून सतरंजीवर पडलेल्या पाहुण्यांसारखे. त्यांच्या मधून पाण्याची धार खाली येत होती. हिवाळा असल्यामुळे पाणी बेताचं होतं, पण त्यामुळेच दगड मोकळे दिसत होते. भोवती साल जातीची सरळ झाडं. वरच्या देवीच्या देवळातून मधूनच घंटेचा आवाज येई.

एका रुंद खडकावर सावली होती, प्रकाश मऊ होता. मी म्हटलं, इथेच. रश्मीला बाजूला बसवून फिल्म भरायला घेतली. ही खास तिच्या आजीसाठी आणलेली काळी-पांढरी फिल्म, छत्तीस फोटोंची. माझ्या अंगात तेव्हा मास्तर शिरला होता. मी तिला सांगत होतो, "फोटोत घाई उपयोगाची नाही. फिल्म नीट भरली की निम्मा फोटो तिथेच झाला. हे टोक या खाचेत घालायचं, आणि..."

तेवढ्यात आजींनी हाक मारली, "अरे, हे धर जरा!"

मी ठेठरीच्या बोटांनी टोक खाचेत सरकवलं, पाठ खट्कन बंद केली आणि धावलो. फिल्म पुढे सरकते आहे का, हे बघायला चाक फिरतंय का ते पाहायचं असतं. चाळीस वर्षं मी ते पाहत आलो होतो. त्या दिवशी पाहिलं नाही.

आजींनी टॉवेल सोडला. आत फ्रेम होती. काळ्या टोपीतले, रेल्वेच्या बटणांचा कोट घातलेले आजोबा.

"घरच्यांचा फोटो अन् घरधनी नाही, असं कसं?" आजी म्हणाल्या आणि फ्रेम मांडीवर उभी धरून बसल्या.

उजवीकडे मोठा, डावीकडे धाकटा. मागे कुसुम आणि रश्मी. सुधाकररावांची पत्नी माहेरी बाळंतिणीच्या सोबतीला गेलेली, त्यामुळे त्या नव्हत्या. मी कॅमेऱ्यातून पाहिलं तर आजोबांच्या काचेवर ऊन पडून नुसता उजेड.

"आजी, फ्रेम जरा खाली वाकवा. आजोबा फार चमकताहेत."

"जिते होते तवाही असेच डोळ्यावर येत होते," आजी म्हणाल्या. सुधाकररावांच्या मिशीखाली काहीतरी हललं.

दोघे भाऊ आईपासून हात-हातभर दूर बसले होते, न आवडत्या सोयरिकीत बसतात तसे. मी म्हटलं, जवळ या. ते चार बोटं सरकले. मी म्हटलं, आणखी. आणखी. शेवटी आईच्या पाठीमागे दोघांची कोपरं एकमेकांना लागली. कोणी हललं नाही. आणि मग सुधाकरराव समोर माझ्याकडे पाहत म्हणाले, "कोपर टोचून राहिला."

चार वर्षांतले पहिले शब्द. मधुकररावही माझ्याकडेच पाहत म्हणाले, "मंग थोडा सरक ना, भाऊ."

आजी हसल्या. दात नसलेलं, सगळं तोंड उघडून हसणं. फ्रेम मांडीवर हलली, काचेवर झाडाची पानं आली, आजोबा दिसू लागले. मी बटण दाबलं. माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला फोटो तो. मी तो रोज पाहतो, फक्त डोळे मिटून.

त्यानंतर सगळं सैल झालं. एक माकड खुरमीची, म्हणजे गुळाच्या शंकरपाळ्यांची, पिशवी घेऊन पळालं तेव्हा दोघे भाऊ दोन बाजूंनी त्याला घेरायला धावले. "इकडून ये भाऊ, इकडून!" पिशवी मिळाली नाही, पण दोघे धापा टाकत एकाच दगडाला टेकले. तोही फोटो घेतला. आईचे पाय पाण्यात सोडून एकेकाने एकेक पाय धरला, तोही घेतला. मी भराभर घेत होतो. आकडा पाहिला, चौतीस. पुढे पस्तीस, छत्तीस. मग सदतीस.

 एखाददुसरा फोटो जास्त निघतो कधी कधी. मी फिल्म पुढे सरकवणारा खटका पुन्हा ओढला. अडतीस. एकोणचाळीस. खटका लोण्यातून सुरी फिरावी तसा फिरत होता. फिल्म संपली की तो अडायला हवा.

मी एका मोठ्या दगडाआड गेलो आणि फिल्म परत गुंडाळायला घेतली. छत्तीस फोटोंची फिल्म डबीत परत जायला तीसेक फेरे लागतात. माझी दोन फेऱ्यांत आत गेली.

याचा अर्थ मला ठाऊक होता. फिल्म खाचेतून निसटून जागेवरच बसून राहिली होती. मी दिवसभर रिकामा खटका ओढत होतो.

आता जे सांगायचं त्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं. अजून अर्धा तास चांगला प्रकाश होता. दुसरी फिल्म माझ्या खिशात होती. सगळे माझ्यापासून तीस पावलांवर होते. मी दगडाआडून बाहेर येऊन एवढंच म्हणायचं होतं, "माझी चूक झाली, पुन्हा एकदा बसा." ते हसले असते, मधुकररावांनी जन्मभर चिडवलं असतं, आणि फोटो झाला असता.

पण सकाळपासून मी रश्मीला फिल्म कशी भरावी ते शिकवत होतो. 'मोठा फोटोग्राफर' साताऱ्याहून आला होता. मी स्वतःला म्हटलं, कदाचित सुरुवातीला थोडी सरकली असेल, दोन-चार तरी आले असतील. हे शक्य नव्हतं. मी बोटं रुमालाला पुसली, दुसरी फिल्म भरली, या वेळी चाक फिरतंय ना ते तीनदा पाहिलं, आणि बाहेर येऊन दगडांचे फोटो काढले.

"मामा, फिर से हमारा नहीं लोगे?" रश्मीने विचारलं.

"माणसांचे झाले," मी म्हटलं.

तेलीबांधा

मी ठरवलं होतं की फिल्म साताऱ्याला नेऊन धुतो म्हणायचं आणि मग पत्रातून काहीतरी कळवायचं. पण आजींना धीर नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळीच म्हणाल्या, "आजच धुऊन आण. बिसाहू करते ना."

बिसाहूचा स्टुडिओ तलावाच्या काठच्या पाऱ्यात होता. पारा म्हणजे मोहल्ला. एक खोली, निळा पडदा, मागे अंधारखोली. वय चाळिशीतलं, बोलणं हळू. मधुकररावांच्या लग्नाचे फोटो त्यानेच काढलेले. इथल्या मराठी घरांतली मुंज, बारसं, लग्न, सगळं त्याच्याकडे. काळी-पांढरी फिल्म अजून स्वतःच्या हाताने धुणारा रायपूरमध्ये तोच उरला होता. आजींना तो 'दाई', म्हणजे आई, म्हणायचा. मी दोन्ही फिल्म त्याच्या हातात दिल्या आणि एक शब्द बोललो नाही.

दुपारी आणायला मी, मधुकरराव, आणि ड्यूटी संपवून बीरगांवहून थेट आलेले सुधाकरराव. हो, फोटो पाहायला ते आले होते. दोघे भाऊ स्टुडिओच्या दारात शेजारी उभे होते.

बिसाहूने दोन पट्ट्या खिडकीपाशी टांगल्या होत्या. एकीवर दगडच दगड, सुंदर. दुसरी या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वच्छ पारदर्शक. तिच्यातून तलाव दिसत होता.

जाणत्याला अशी पट्टी सगळं सांगते. फिल्मच्या कडेला बारीक आकडे असतात, ते कारखान्यातच उमटवलेले असतात आणि फिल्म नीट धुतली तरच दिसतात. धुण्यात चूक असती तर आकडेही आले नसते. या पट्टीवर एक ते छत्तीस सगळे आकडे खणखणीत काळे होते. मध्ये काही नव्हतं. म्हणजे धुणाऱ्याने काम चोख केलं होतं आणि कॅमेऱ्याने काहीच पाहिलं नव्हतं.

बिसाहूने त्या आकड्यांवरून अंगठा फिरवला. मग माझ्याकडे पाहिलं.

"ये क्या है, बिसाहू? फोटू कहाँ हैं?" मधुकररावांनी विचारलं.

"बाबूजी..." तो मला म्हणाला. एवढंच. रागाने नाही, दार उघडून धरावं तसा म्हणाला. मी आत जायचं होतं.

मी म्हटलं, "केमिकल पुराना होगा शायद."

त्यातला 'शायद' मला आजही सर्वांत जास्त बोचतो. खोटं बोलतानाही मी सभ्य दिसायची सोय करून ठेवली होती.

बिसाहूने दोघा भावांकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं, आणि पट्टी खाली घेतली. "हव," तो म्हणाला. "मोर गलती होगे." हो, माझी चूक झाली.

मग जे झालं ते मी कधी विसरणार नाही. चार वर्षं एकमेकांशी न बोललेले दोन भाऊ एका सुरात ओरडायला लागले. एकाने वाक्य सुरू करावं, दुसऱ्याने पुरं करावं. "माय अस्सी साल की है..." "...और तूने पुराना केमिकल डाल दिया!" बिसाहू मान खाली घालून ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "मैं आज संझा घर आके दाई के फोटो खींच दुहूं. सबो झन बैठ जाहू."

संध्याकाळी घरी येऊन मी काढून देतो, सगळे बसा. किती सरळ गोष्ट होती!

"तेरे हाथ से?" मधुकरराव म्हणाले. "हमारे घर की तरफ देखना भी मत."

"चाल, मधु," सुधाकरराव म्हणाले. आणि दोघे एका स्कूटरवर बसून गेले. मला न्यायचं ते विसरले. मी दोन्ही पट्ट्या उचलल्या. बिसाहूने कोरी पट्टीसुद्धा कागदात नीट गुंडाळून दिली.

घरी मी कुसुमला आडून विचारलं, "तुमचा तो फोटोवाला पटकन चूक कबूल करून मोकळा झाला. वादसुद्धा घातला नाही."

"इथल्या लोकांचं असंच आहे रे दादा. तू सगा ना. सगा म्हणजे पाहुणा, सोयरा. एका घरचा सगा तो सगळ्या पाऱ्याचा. सग्याले घरच्यांसमोर मान खाली घालू देत नाहीत इथं."

ती सहज बोलून भाजी चिरत राहिली. तिला कळलं नव्हतं ते मला कळलं.

त्या संध्याकाळी सुधाकरराव चार वर्षांनी धाकट्या भावाच्या घरी जेवले. दोघे मिळून बिसाहूला शिव्या देत होते आणि एकमेकांच्या ताटात भात वाढत होते. पुढे अनेक वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो, की खरं बोललो असतो तर हे जेवण झालं नसतं. वाचकांनी यावर विश्वास ठेवू नये. खरं बोललो असतो तर दोघांनी मिळून मला शिव्या दिल्या असत्या, आणि जेवण झालंच असतं. बिसाहू आला असता, आणि फोटोही झाला असता.

आजी तेवढ्या शांत होत्या. "जाऊ दे. बसले ना दोघं दगडावर. म्या पाहिलं. पुढच्या साली येशीन तवा काढजो."

मी दुसऱ्या दिवशीच्या गाडीने निघालो. पुढच्या उन्हाळ्यात आजी गेल्या.

पुन्हा रायपूर

मधल्या काळात मी दगडांचे फोटो मोठे करून घेतले. ते एका प्रदर्शनात लागले, लोकांना आवडले. दोन मी कुसुमलाही पाठवले. पण रायपूरला जायचं मात्र टाळत राहिलो. शेवटी तीन वर्षांपूर्वी रश्मीने फोनवर सरळ तिकीटच काढल्याचं सांगितलं.

ती आता नव्या रायपूरला एका कार्यालयात आहे. मला कारने तिकडे फिरवून आणलं. रस्ते इतके रुंद की पलीकडचा माणूस ओळखू येऊ नये. इमारती मोठ्या, बस क्वचित. "कैसी है हमारी राजधानी, मामा?" तिने विचारलं. मी म्हटलं, "तुझ्या बाबांनी स्कूटरवरून दाखवली त्यापेक्षा मोठी आहे, आणि विनोद कमी आहेत." ती हसली, आणि पहिल्यांदाच मराठीत म्हणाली, "ते तर आहेच."

घरात शिरलो आणि भिंतीसमोर उभा राहिलो. आजोबांची ती फ्रेम होती. तिच्या शेजारी आजी. मतदार ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून लावलेला. चेहऱ्याच्या जागी ठिपके, डोळे नुसते दोन काळे डाग, गालावरून शिक्क्याची कमान गेलेली. लग्नाच्या फोटोंतही त्या पदराआडच, चेहरा दिसेल असा दुसरा फोटोच नव्हता. समोरच्या भिंतीवर माझे दोन दगड, काचेत, एकेक रेघ दिसेल इतके स्पष्ट.

"तुमचे दगड लय भारी आले होते, दादा," मधुकरराव म्हणाले. आता तेही निवृत्त, गुडघ्याला पट्टा. "त्या बिसाह्यानं मायचा रोल नासवला, नाही तर..."

कोरी पट्टी मी सोबत नेली होती. ठरवूनच गेलो होतो. रश्मीला एकदा हळूच विचारलंही होतं की माफी मागायची तर छत्तीसगढीत कसं म्हणतात. "क्यों मामा, मामी से झगड़ा हुआ?" ती म्हणाली, पण वाक्य नीट शिकवलं, मोठ्या माणसाशी बोलायचं तसं. मी ते दोन दिवस घोकलं.

तलावाचं आता रूप पालटलंय, फिरायला रस्ता, दिवे. बिसाहूचं दुकान आहे. मधुकररावांनी मला दुकानापाशी सोडलं, पण स्वतः रस्त्याच्या पलीकडेच थांबले. इतक्या वर्षांत त्यांनी ती पायरी चढलेली नाही. पाऱ्यातल्या मराठी घरांनीही त्यांचं ऐकून दुसरा फोटोवाला धरला, हे मला कुसुमने सांगितलं.

आत बिसाहूची सून पासपोर्टचे फोटो कापत होती. बिसाहू खुर्चीत बसलेला, डोळ्यांत मोतीबिंदू. मी "नमस्कार" म्हटलं. त्याने मान वळवली.

"सतारा वाले बाबूजी?"

आवाजावरून ओळखलं त्याने. सुनेला खुर्ची पुसायला सांगितली, चहा मागवला. माझा हात खिशात, पट्टीवर होता. वाक्य जिभेवर होतं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यानेच विचारलं. किती काळ मनात ठेवला असेल हा प्रश्न, देव जाणे.

"बाबूजी, दाई के फोटो पाछू खिंचागे रिहिस न?"

दाईचा फोटो नंतर निघाला होता ना?

एवढंच हवं होतं त्याला. स्वतःबद्दल काही विचारलं नाही. त्याच्या धूसर डोळ्यांत इतकी आशा होती की मला समोरचा रस्ता दिसला, मधुकरराव दिसले, भिंतीवरचे ते ठिपके दिसले, आणि मी म्हणालो, "हव."

"बने होइस," तो म्हणाला आणि खुर्चीत मागे टेकला. बरं झालं.

चहा पिऊन मी बाहेर आलो.

मधुकरराव मराठी वाचतात, हे वाचतील. मधुकरराव, त्या दुकानाची पायरी चढा. रोल बिसाहूने नासवला नव्हता. आणि सुधाकररावांनाही सांगा.

बिसाहू मराठी वाचत नाही. त्याच्यासाठी घोकलेलं वाक्य माझ्याजवळच राहिलं आहे, रश्मीने शिकवलं तसं, एक अक्षर न विसरता: बिसाहू भैया, फिलिम कोरी रिहिस. तुंहर गलती नइ रिहिस, मोर रिहिस. मोला माफी देहू.